डेटमच हलत असेल तर

प्रश्न : मी 67 वर्षांचा असून टूलरूममध्ये 36 वर्षे फिटर म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. उजव्या खुब्याची कूर्चा पूर्ण झिजली आहे आणि सांधा बदलण्यावाचून गत्यंतर नाही, याबद्दल मी भेटलेल्या दोन्ही सर्जनांचे एकमत आहे. मतभेद आहे तो अवजारांबद्दल. पहिले डॉक्टर रोबोटच्या साहाय्याने कृत्रिम सांध्याची वाटी बसवतात. दुसरे म्हणाले, ‘‘मी सळईचा साधा गाइड आणि सांध्यातल्या खुणा यांवर काम करतो, गेली वीस वर्षे.’’ ज्या धंद्यात मी आयुष्य काढले तिथे नजरेच्या अंदाजाला किंमत नव्हती. गुण्या लावला नाही तर जॉब, म्हणजे घडवलेला भाग, परत यायचा. मग अर्धा अंश मोजणारे यंत्र सोडून मी एका सळईवर भरवसा का ठेवावा? शिवाय नऊ वर्षांपूर्वी माझ्या कमरेचे दोन मणके स्क्रू घालून जोडले आहेत, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? पत्नीची धास्ती वेगळीच आहे : एक पाय लांब झाला तर? आणि शेवटची शंका, वाटी कोणत्या कोनात बसली हे मला नंतर कागदावर मिळू शकते का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही ‘शिवाय’ म्हणून मध्येच घातला आहे. कमरेच्या जोडलेल्या मणक्यांचा खुब्याच्या वाटीशी संबंध आहे आणि तुमच्या बाबतीत तो रोबोट की सळई या वादापेक्षा मोठा आहे. पण त्याच्याकडे थेट वळलो तर ‘कोन’ या शब्दाखाली काय काय दडले आहे ते निसटून जाईल. म्हणून थोडा लांबचा रस्ता घेतो. तुमच्यासारख्या माणसाला तो कंटाळवाणा वाटणार नाही, असे मी धरून चाललो आहे.

खुब्याचा कृत्रिम सांधा म्हणजे पेल्व्हिसच्या (कमरेखालच्या कटीच्या) हाडात बसवलेली वाटी, मांडीच्या हाडाच्या पोकळीत ठोकलेला दांडा आणि त्या दांड्याच्या मानेवरचा गोळा. गोळा वाटीत फिरतो. मान वाटीच्या काठाला अडली की तिथे तरफ तयार होते आणि गोळा उलट्या बाजूने बाहेर उचलला जातो. यालाच आपण सांधा निखळणे म्हणतो. मान कोणत्या हालचालीत, कोणत्या काठाला आणि किती लवकर अडेल, हे बऱ्याच अंशी वाटीच्या दोन कोनांवर ठरते. वाटीचे तोंड बाजूला किती उघडे आहे, हा झाला तिचा उतार. ते पुढच्या दिशेने किती वळले आहे, हा तिचा पुढचा कल, ज्याला डॉक्टर अँटिव्हर्जन म्हणतात. उतार फार खडा झाला तर भार काठाजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यावर येतो आणि वाटीच्या आतले अस्तर लवकर झिजते, म्हणजे निखळण्यापलीकडेही या कोनांना महत्त्व आहे.

हे कोन किती असावेत, याचे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर 1978 साली लेविनेक हे सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले : उतार 40 अंश आणि पुढचा कल 15 अंश, दोन्हींना 10 अंशांची सूट. 300 शस्त्रक्रियांपैकी या चौकटीत बसलेल्या वाट्यांमध्ये निखळण्याचे प्रमाण 1.5 टक्के आणि चौकटीबाहेरच्या वाट्यांमध्ये 6.1 टक्के निघाले. आकडे ठसठशीत आहेत, पण त्या 300 मध्ये निखळलेले सांधे एकूण 9 होते, ही गोष्ट चौकटीचा दाखला देताना सहसा कोणी सांगत नाही. नऊ घटनांवर उभी राहिलेली ही चौकट पुढची चाळीस वर्षे जवळजवळ कायद्यासारखी वापरली गेली आणि आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक अवजारांचे समर्थनही ‘आम्ही वाटी चौकटीत बसवतो’ याच वाक्याने केले जाते.

आता तुमच्या धंद्यातला शब्द वापरतो. कोन मोजायचा तर डेटम लागतो, म्हणजे ज्याच्या आधारे मोजायचे तो स्थिर पाया. सरफेस प्लेट सपाट नसेल तर डायल गेज कितीही नाजूक असला तरी त्याचे वाचन निरर्थक ठरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. खुब्याच्या शस्त्रक्रियेत हा डेटम म्हणजे पेल्व्हिस. आणि पेल्व्हिस कोणत्याही प्लेटला बोल्टने आवळलेले नसते. या शस्त्रक्रियेतील सगळी अवजारे, साध्या सळईपासून रोबोटपर्यंत, मुळात एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत : पेल्व्हिस या क्षणी कुठे आहे हे कळावे कसे?

त्यातही एक गंमत आहे. 1993 मध्ये मरे या संशोधकांनी दाखवून दिले की वाटीचा उतार आणि कल सांगण्याच्या तीन वेगवेगळ्या रीती प्रचारात आहेत : शरीररचनेप्रमाणे, एक्स-रेवर दिसते त्याप्रमाणे आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जनला दिसते त्याप्रमाणे. टेबलावर 40 आणि 20 अंशांना बसवलेली वाटी एक्स-रेच्या रीतीने सुमारे 42 आणि 15 भरते, तर शरीररचनेच्या रीतीने सुमारे 44 आणि 22. वाटी तीच आणि जागाही तीच, पण आकड्यांच्या जोड्या तीन. त्रिकोणमितीची सवय असेल तर कागदावर करून पाहा, ताळा जमेल. तेव्हा कोणी ‘आमचे यंत्र अर्ध्या अंशापर्यंत अचूक आहे’ म्हणाले, तर कोणत्या रीतीचा अर्धा अंश, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसऱ्या डॉक्टरांची सळई आता जवळून पाहू. रुग्णाला निरोगी कुशीवर झोपवून, पुढून आणि मागून आधार लावून पेल्व्हिस टेबलाला काटकोनात उभे केले आहे असे गृहीत धरतात. वाटी ठोकण्याच्या दांड्याला आडवी सळई जोडलेली असते. ती जमिनीला समांतर आणि रुग्णाच्या अंगाच्या रेषेत धरली की वाटी ठरलेल्या कोनात आली, अशी ही सोपी योजना आहे. गफलत सळईत नाही, गृहीतकात आहे. सांधा उघडा करण्यासाठी मांडीचे हाड पुढे ओढून धरावे लागते आणि त्या ओढीबरोबर पेल्व्हिस पुढच्या बाजूला लोळते. निर्जंतुक चादरींखाली हे लोळणे डोळ्यांना दिसत नाही. दहा अंश लोळले असेल तर सळई वीस अंशांचा कल दाखवत असताना पेल्व्हिसच्या हिशेबाने वाटी जवळजवळ दहा अंशांवरच बसलेली असते. शिकाऊ असताना एका शस्त्रक्रियेत मी अशीच सळई डोळ्यांत तेल घालून जमिनीला समांतर धरली होती. शेवटी चादरी काढल्या तेव्हा रुग्णाच्या पोटापुढचा आधार चार बोटे सरकलेला होता आणि एक्स-रेवर वाटीचा कल दिसायलाच तयार नव्हता. त्या रुग्णाचा सांधा पुढे निखळला नाही, हा माझ्या कौशल्याचा भाग नव्हता.

म्हणूनच वीस वर्षे सळई वापरणारा चांगला सर्जन प्रत्यक्षात एकट्या सळईवर काम करत नसतो. पेल्व्हिसच्या ज्या खोबणीत वाटी बसते तिच्या तळाशी एक आडवा अस्थिबंध असतो, ज्याला ट्रान्सव्हर्स लिगामेंट म्हणतात. वाटीचे तोंड त्याला समांतर ठेवले की कल त्या माणसाच्या स्वतःच्या ठेवणीशी जुळतो. पेल्व्हिस लोळले तर हा अस्थिबंधही त्याच्याबरोबर लोळतो, हा त्याचा मोठा गुण आहे. जॉबवरच कोरलेली खूण आणि टेबलावर आखलेली खूण यांतला फरक तुम्ही जाणताच. त्याची मर्यादा अशी की तो मुख्यतः कल सांगतो, उताराबद्दल फारसे सांगत नाही, आणि झिजलेल्या सांध्यात हाडाची वाढ होऊन तो झाकला गेलेला असतो, तेव्हा छिन्नीने मोकळा करून शोधावा लागतो. खोबणीच्या पुढच्या व मागच्या काठाबाहेर वाटी किती डोकावते, हेही अनुभवी हात सतत चाचपत असतात. काही सर्जन रुग्णाला उताणे झोपवून पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करतात आणि टेबलावरच एक्स-रे घेत वाटी ठोकतात; त्यात लोळण्याचा प्रश्न बराच कमी होतो, मात्र एक्स-रेची नळी तिरपी असेल तर चित्रातला कोनही तिरपाच येतो.

एवढे करूनही निव्वळ हाताचे काम किती बिनचूक असते, याचे उत्तर नम्र करणारे आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील 1,823 वाट्यांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. आधी ठरवलेल्या मर्यादेत दोन्ही कोन असलेल्या वाट्या निम्म्याच निघाल्या. रुग्ण स्थूल असणे, छोट्या छेदातून काम करणे आणि सर्जनने अशा शस्त्रक्रिया कमी केलेल्या असणे, या गोष्टींनी चुकण्याची शक्यता वाढत होती. गुण्याशिवाय जॉब परत यायचा, हे तुमचे म्हणणे इथपर्यंत मला मान्य आहे.

नॅव्हिगेशन या नावाने ओळखली जाणारी अवजारे नेमक्या याच दुखण्यावर निघाली. कमरेच्या हाडाच्या कडेत दोन पिना रोवतात, त्यांवर चमकणाऱ्या गोळ्यांची चौकट बसवतात आणि कॅमेरा ती चौकट सतत पाहत राहतो. पेल्व्हिस हलले की संगणकाला ते कळते आणि तो कोनाचा आकडा सुधारून देतो. ज्याला कॅमेराही लागत नाही, अशी छोटी साधने आता आली आहेत. त्यांत मोबाइल फोनमध्ये असतो तसाच, कल आणि वळण ओळखणारा संवेदक असतो आणि तो थेट वाटी ठोकण्याच्या दांड्यावर चढवता येतो. तीन पायांचे एक निव्वळ यांत्रिक साधनही आहे. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून साधनाच्या तीन पायांची लांबी आधी जुळवून ते हाडावर टेकवतात आणि त्यावरचा बाण वाटीची दिशा दाखवतो. तुम्हाला ते फार आवडेल, कारण तो चक्क एक जिग, म्हणजे अवजाराला दिशा देणारा साचा आहे.

पण संगणकाला पेल्व्हिस कुठे आहे हे एकदा तरी सांगावे लागते आणि ते सांगतो माणूसच. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे हाताला लागणारी टोके आणि जांघेच्या मध्यावरचा हाडाचा जोड, अशा तीन बिंदूंना टोकदार सळई टेकवून पेल्व्हिसचे प्रतल ठरवण्याची रीत रूढ आहे. तिसऱ्या बिंदूवर चरबीचा थर असतो. वरच्या दोन टोकांची रेषा आणि हा बिंदू यांतले अंतर ढोबळमानाने 10 सेंटीमीटर धरले आणि चरबीमुळे सळई हाडापासून 1 सेंटीमीटर वर थांबली, तर प्रतल साडेपाच ते सहा अंशांनी कलते. त्यानंतर पडद्यावर दशांश चिन्हानंतरचा आकडा कितीही ऐटीत झळकला, तरी मूळ प्रतलातच सहा अंशांची चूक शिरलेली असते आणि यंत्र ती इमानेइतबारे शेवटपर्यंत वागवते. पिनांच्या जागी दुखणे, क्वचित जंतुसंसर्ग किंवा हाडाला तडा आणि शस्त्रक्रियेचा वाढलेला वेळ, ही या साधनांची बाकीची देणी आहेत.

रोबोटबद्दल लोकांचा समज असतो की यंत्र शस्त्रक्रिया करते. तसा प्रयत्न झाला होता : 1992 मध्ये रोबोडॉक नावाच्या यंत्राने माणसाच्या मांडीच्या हाडातली पोकळी स्वतः कोरली, त्याआधी ते कुत्र्यांवर वापरून पाहिले होते. वाटी बसवण्यासाठी आज जो रोबोटचा हात प्रामुख्याने वापरला जातो, त्याची मूठ मात्र सर्जनच्याच हातात असते. आधी सीटी स्कॅन काढून त्यावर वाटीची जागा आणि कोन ठरवतात. मग टेबलावर हाडाच्या पृष्ठभागावरील अनेक बिंदू टेकवून प्रत्यक्ष हाड आणि स्कॅन जुळवतात. केवळ तीन बिंदूंपेक्षा ही जुळणी भरवशाची असते आणि चरबीचा प्रश्न बहुतांशी सुटतो. त्यानंतर रीमरने खोबणी खरवडताना हात ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागला की यंत्र अडवते. मला स्वतःला त्याचा सर्वांत मोठा फायदा वाटतो तो पुढच्या पायरीत. वाटी तिच्यापेक्षा किंचित लहान कोरलेल्या खोबणीत हातोड्याने ठोकून घट्ट बसवायची असते आणि एका बाजूचे हाड कडक, दुसऱ्या बाजूचे मऊ असेल तर प्रत्येक ठोक्याबरोबर ती मऊ बाजूकडे तिरपी होते. ड्रिल कडक गाठीवरून कसा घसरतो, ते आठवा. यंत्राचा हात त्या वेळी वाटी ठोकण्याचा दांडा धरून ठेवतो आणि शेवटच्या ठोक्यानंतर वाटी खरोखर कुठे थांबली तेही मोजून सांगतो.

तर मग यंत्र घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे तुम्ही म्हणाल. नॅव्हिगेशन आणि रोबोट यांमुळे वाट्या ठरवलेल्या जागी अधिक वेळा बसतात, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांधेरोपण नोंदवहीतील 6,912 नॅव्हिगेशनयुक्त शस्त्रक्रियांचा अभ्यास 2021 मध्ये आला, त्यात निखळण्यामुळे सांधा पुन्हा बदलावा लागण्याचे प्रमाण अशा रुग्णांत कमी आढळले. नोंदवहीत रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसते, त्यामुळे त्यातले श्रेय यंत्राचे किती आणि ते यंत्र वापरणाऱ्या सर्जनचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. तरीही मी हा आकडा हलका मानत नाही. पण त्याच्यासमोर दुसरा ठेवतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयात निखळलेल्या 206 सांध्यांची तपासणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी 58 टक्के सांध्यांत वाटीचे दोन्ही कोन 1978 च्या त्या सुरक्षित चौकटीच्या आतच होते. म्हणजे जॉब ड्रॉइंगप्रमाणे बरोबर होता आणि तरी जोडणीत अडला. अशा वेळी तुम्ही गेज बदलला नसता, ड्रॉइंग पुन्हा उघडले असते.

आणि इथे तुमचे मणके येतात. उभा माणूस खुर्चीत बसतो तेव्हा फक्त मांडी वर येत नाही. निरोगी कंबर असेल तर पेल्व्हिसही सुमारे 20 अंश मागे कलते. ते प्रत्येक अंश मागे कलते तेव्हा वाटीचा पुढचा कल साधारण पाऊण अंशाने वाढतो, म्हणजे बसताना वाटीचे तोंड आपोआप पंधराएक अंश पुढे उघडते आणि वर येणाऱ्या मांडीला जागा करून देते. उभे राहिल्यावर ते पुन्हा मिटते. खुर्चीवरून उठून-बसून पाहा. कमरेच्या पुढच्या टोकावर बोट ठेवलेत तर ते मागे जाताना जाणवेल. तुमच्या बाबतीत कदाचित जाणवणार नाही, कारण मणके स्क्रूंनी जखडलेले असले की ही सोय बरीच कमी होते. पेल्व्हिस जागचे हलत नाही, बसण्यासाठी लागणारी सगळी वाकण्याची हालचाल एकट्या खुब्याला करावी लागते, मान वाटीच्या पुढच्या काठाला लवकर अडते आणि गोळा मागून बाहेर पडू पाहतो. याउलट काहींचे मणके असे जोडले गेलेले असतात की पेल्व्हिस कायमचे मागे कललेले राहते. त्यांना धोका बसताना नसून उभे राहून पाय मागे नेताना असतो आणि गोळा पुढून निसटतो. एकाला जो कोन तारेल तोच दुसऱ्याला मारेल.

अमेरिकेतील मेडिकेअर या सरकारी आरोग्य विमा योजनेच्या नोंदींवर आधारित 2017 च्या एका अभ्यासात पहिल्या वर्षात सांधा निखळण्याचे प्रमाण मणके न जोडलेल्यांत सुमारे दीड टक्का, एक-दोन पातळ्यांवर जोडलेल्यांत सुमारे 3 टक्के आणि त्याहून अधिक पातळ्यांवर जोडलेल्यांत सुमारे 4 टक्के होते. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही; शंभरातल्या 97 जणांना काही झाले नाही, हाही त्याच आकड्याचा अर्थ आहे. पण नेहमीचे 40 आणि 15 डोळे झाकून लावण्याजोगी तुमची कंबर नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

यावरची तपासणी अगदी साधी आहे : कंबर आणि खुबा एकत्र दिसेल असा बाजूने काढलेला एक एक्स-रे उभ्याने आणि एक बसून. दोन्ही चित्रांतला पेल्व्हिसचा कल मोजला की तुमचे पेल्व्हिस किती फिरते आणि कुठे अडकते ते कळते, आणि त्यावरून लक्ष्य ठरते. मागे न कलणाऱ्या पेल्व्हिसला बहुधा थोडा अधिक पुढचा कल देतात, कधी मोठा गोळा वापरतात, कधी दुहेरी हालचालीची वाटी. या शेवटच्या वाटीत लहान गोळा प्लॅस्टिकच्या मोठ्या गोळ्यात आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत फिरतो, त्यामुळे निसटायला बराच अधिक प्रवास करावा लागतो. ही कल्पना फ्रान्समध्ये जिल बूस्के यांनी 1970 च्या दशकात मांडली. कोनात दोन-तीन अंशांची चूक राहिली तरी असा सांधा ती पोटात घालतो, हे मला त्यातले सर्वांत शहाणपणाचे वाटते.

वाटीबद्दल एवढे लिहून दांड्याला विसरणे बरे नाही. सिमेंटशिवाय ठोकलेला दांडा हाडाच्या पोकळीचा मूळ पीळ स्वीकारतो. त्याला हवा तेवढा वळवण्याची मुभा सर्जनला फार थोडी असते. म्हणून काही सर्जन आधी मांडीचे हाड कोरून दांड्याचा पीळ पाहतात आणि मग वाटीचा कल ठरवतात. 2004 मध्ये विडमर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्यासाठी एक सूत्र मांडले : वाटीचा कल अधिक दांड्याच्या पिळाचा 0.7 पट, बेरीज 37 अंश. दांडा 10 अंश पिळलेला असेल तर वाटी 30 अंश. दांडा 25 असेल तर वाटी 20 च्या आसपास. शाफ्ट आणि तो ज्या भोकात बसतो तो बोअर यांची टॉलरन्स, म्हणजे चालणारी तफावत, एकत्रच बघायची असते, तसेच हे आहे. तुमच्या पाठीमुळे हे आकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण विचाराची पद्धत लागू होते.

आता माझे मत. तुमचे एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे मत तुमच्या पत्रापुरतेच समजावे. दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा जा आणि रोबोटचा विषय काढण्याआधी मणक्यांच्या शस्त्रक्रियेचे कागद टेबलावर ठेवून विचारा की यामुळे माझ्या वाटीच्या कोनात तुम्ही काय फरक कराल. जे डॉक्टर बसून आणि उभ्याने एक्स-रे मागवतील आणि त्यावर बोट ठेवून तुम्हाला समजावतील, त्यांच्याकडे माझा कल राहील. मग त्यांच्या हातात सळई असो वा यंत्र. दोघांनीही तो विचार केलेला असेल तर यंत्र असलेल्या डॉक्टरांना मी थोडे झुकते माप देईन, कारण नेहमीच्या चौकटीपासून मुद्दाम पाच-सात अंश बाजूला जायचे असते तेव्हा ते पाच-सात अंश खरोखर साधावे लागतात आणि हाताच्या कामातली तफावत तेवढीच असू शकते. मात्र यंत्र त्यांनी किती रुग्णांवर वापरले आहे आणि अर्ध्यात बंद पडले तर ते शस्त्रक्रिया कशी पुरी करतील, हे विचारायला संकोच करू नका. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या रुग्णांच्या 2014 मधील अभ्यासात वर्षाला 35 पेक्षा कमी खुबे बदलणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांत सांधा निखळण्याचे आणि लवकर पुन्हा बदलावा लागण्याचे प्रमाण जास्त दिसले होते. तेव्हा दोघांनाही वर्षाचा आकडा विचारा. ज्याला हा प्रश्न अपमानास्पद वाटेल, त्याचे उत्तर तुम्हाला तिथेच मिळाले असे समजा.

तुमच्या पत्नींच्या शंकेबद्दल. पायाची लांबी आधी एक्स-रेवर आराखडा काढून ठरवतात; चित्र प्रत्यक्षापेक्षा साधारण 15 ते 20 टक्के मोठे येत असल्याने माहीत असलेल्या व्यासाचा धातूचा गोळा मांडीजवळ ठेवून प्रमाण काढले जाते. टेबलावर कमरेच्या हाडात एक पिन रोवून तिच्यापासून मांडीच्या हाडावरील खुणेपर्यंतचे अंतर कॅलिपरने सांधा काढण्याआधी आणि बसवल्यानंतर मोजतात. दोन्ही वेळा पाय अगदी त्याच स्थितीत असावा लागतो, नाहीतर काही मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात; नॅव्हिगेशन आणि रोबोट हीच मोजणी जरा सुकर करतात. एक सेंटीमीटरच्या आतला फरक बहुतेकांना पुढे जाणवत नाही. तुमची कंबर ताठ असल्याने पेल्व्हिस तिरपे करून फरक सामावून घेण्याची तुमची क्षमता मात्र कमी आहे, तेव्हा हे डॉक्टरांना आधीच आठवण करून द्या. कधी सांधा सैल राहू नये म्हणून सर्जन जाणूनबुजून थोडी लांबी पत्करतो. निखळणाऱ्या सांध्यापेक्षा पाच मिलिमीटर लांब पाय मला केव्हाही चालेल. आणखी एक : पहिले काही आठवडे आखडलेल्या स्नायूंमुळे नवा पाय लांब असल्याचा भास बहुतेकांना होतो. तेवढ्यावरून दुसऱ्या बुटात टाच चढवून घेऊ नका, निदान तीन महिने थांबून मग मोजा.

कोन कागदावर मिळतो का, तर मिळतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पेल्व्हिसच्या एक्स-रेवर उतार सरळ मोजता येतो आणि वाटीच्या काठाच्या लंबवर्तुळावरून कलही काढता येतो. यंत्र वापरले असेल तर त्याची नोंद छापून घेता येते. यंत्राचा आकडा आणि एक्स-रेचा आकडा वेगळा आला तर भांडायला जाण्याआधी दोघांची रीत कोणती आहे ते पाहा. तीन महिन्यांनी उभ्याने काढलेला एक्स-रे मागून घ्या, कारण झोपलेल्या पेल्व्हिसवरचा कोन आणि तुम्ही ज्याच्यावर चालणार त्या पेल्व्हिसवरचा कोन एक नसतो. वाटी, अस्तर, गोळा आणि दांडा यांच्या वेष्टनांवरची चिकटपट्टी रुग्णपत्रिकेत लावलेली असते. तिची प्रत या कागदांबरोबर आणि मणक्यांच्या जुन्या कागदांबरोबर एकाच फायलीत ठेवा.